वीस मिनिटांचा खुलासा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, पालमच्या मोंढ्यातले ज्येष्ठ आडत व्यापारी आदरणीय रामप्रसादशेठ. व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे, पोलीस भरतीच्या मुलांचे गुरू लिंबाजी मास्तर. सत्कार समितीचे सर्व पदाधिकारी. पालम आणि माळटाकळीहून आलेले ग्रामस्थ, माता-भगिनी. आणि तिसऱ्या रांगेत, मधूनच उठून जाता यावं म्हणून अगदी कडेच्या खुर्चीवर बसलेल्या सारजाबाई. आपणा सर्वांना मार्तंड पाठकचा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख करून दिली. त्यात ‘धावपटू’ हा शब्द तीनदा आला आणि ‘मॅरेथॉनवीर’ एकदा. समिती तरुणांची आहे, उत्साह मी समजू शकतो. पण एकोणतीस वर्षं बसस्थानकावर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत बसलेल्या माणसाला चुकीची घोषणा ऐकवत नाही, म्हणून आधी दुरुस्ती करून घेतो. मी धावपटू नाही. चोपन्न वर्षांचा, साखर काठावर असलेला, खुर्चीत बसून बसून खुर्चीच्याच आकाराचा झालेला माणूस आहे. गेल्या रविवारी मी माळटाकळी ते पालम बसस्थानक हे एकवीस किलोमीटर अंतर तीन तास एकोणपन्नास मिनिटांत पार केलं. बाजाराला निघालेली म्हैस यापेक्षा लवकर पोचते आणि तिचा कुणी सत्कार करत नाही.

हसा, हसा. मला राग नाही. म्हणजे राग आहे, पण हसण्याचा नाही.

ही धाव कशासाठी होती, ते निमंत्रण पत्रिकेत छापायचं राहून गेलं आहे. पत्रिकेवर माझा फोटो आहे, शेठचा आहे, समितीच्या सतराच्या सतरा जणांचे आहेत. कारणाला तेवढी जागा उरली नसावी. तर ते मी सांगतो. माळटाकळीची अर्धी घरं दरवर्षी ऊसतोडीला जातात, हे या सभागृहाला नव्याने सांगायला नको. आईबाप गेले की लेकरंही ट्रकमध्ये बसतात आणि शाळा पाडव्यापर्यंत सुटते. चार वर्षांपूर्वी सारजाबाईंनी ही लेकरं गावात ठेवून घ्यायला सुरुवात केली. स्वतः तीस हंगाम ऊस तोडलेली बाई. तिने एका जुन्या खोलीत चूल मांडली आणि सांगितलं, तुमची पोरं माझ्याकडं ठेवा, मी दोन टायमाला भाकर घालते. यंदा अशी एकतीस लेकरं आहेत. आणि यंदाच्या मे महिन्यात वावटळीने त्या खोलीचे पत्रे उडाले, भिंतही बसली.

त्यावर जुलै महिन्यात याच सभागृहात सभा झाली. धाव ठरली. पळणाऱ्याच्या प्रत्येक किलोमीटरमागे एक पायली ज्वारी, असे शब्द लोकांनी दिले. आपल्या भागाचा मोठेपणा हा, की ते सगळे शब्द पाळले गेले. पोती आली आहेत. लेकरांच्या पोटाची यंदा काळजी नाही. प्रश्न राहिला तो डोक्यावरच्या छपराचा.

त्या सभेला मी नव्हतो, खिडकीवर होतो. आपल्याकडे सभेला गैरहजर राहिलं की काय होतं ते आपण जाणता. नाव घातलं जातं. शेठ उठले. ते काय म्हणाले ते मला चौघांनी सारखंच सांगितलं आहे, म्हणून शब्दशः सांगतो: “ही भरतीची पोरं तर रोजच पळायलीत, त्यात काय नवल? आपल्या पाठकसाहेबांनी साडेतीन तासांत पळून दाखवावं. माझं मोंढ्यातलं गोदाम पाडव्यापर्यंत लेकरांचं!” सभागृह हसलं. पाठकाच्या पोटाकडे बघायला पाठक तिथे नव्हता, तरीही हसलं.

अध्यक्ष महोदय, आपली क्षमा मागून सांगतो, त्या दिवशी मला आपला फार राग आला होता. माणसाने दान द्यावं तर द्यावं. त्यात दुसऱ्याचे गुडघे कशाला अडकवावेत?

मी नाव काढून घेणारच होतो. पण दुसऱ्या दिवशी सारजाबाई खिडकीशी आल्या. तोवर मी त्यांना फक्त माळटाकळीच्या साडेपाचच्या गाडीची वाट पाहणाऱ्या बाई म्हणून ओळखत होतो. त्या म्हणाल्या, “साहेब, तुमी पळणार हाव म्हणं?”

मी म्हणालो, “छे हो. मला न विचारता नाव घातलंय. आजच नाही म्हणून कळवतोय.”

“तेच सांगायला आले,” त्या म्हणाल्या. “तुमाला न्हाई झेपायचं. शेठला म्हणावं दुसऱ्या कुणाचं तरी नाव घाला. लेकरांचं नुकसान नगं.”

मंडळी, त्या बोलण्यात टोमणा नव्हता. बाईंनी सरळ डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जे दिसलं ते सांगितलं. पण मला झोंबलं. “कुणी सांगितलं झेपायचं नाही म्हणून?” असं मी बोलून गेलो आणि तिथेच अडकलो. मी पळायला तयार झालो तो सेवाभावाने नव्हे, हे आज प्रामाणिकपणे सांगून टाकतो. चिडून तयार झालो.

मग त्यांनी नातीचं सांगितलं. “रुख्मिणी सहावीत हाय. पारसाली खोलीत जागा पुरंना म्हणून तिला मायबापासंगं टोळीत धाडलं. दुसऱ्याची लेकरं ठिवली आन् सोताची नात धाडली. पाडव्याला परत आली तं मला काय म्हणती? आजे, मला माज्या मापाचा कोयता घिऊन दे. लय हौसेनं म्हणाली, साहेब. नवी चप्पल मागावी तसं.” एवढं बोलून त्या गाडीकडे गेल्या. मी पुढच्या गाडीची घोषणा करायचं विसरलो. एकोणतीस वर्षांत ते पहिल्यांदा झालं.

त्यानंतरचे तीन महिने कसे गेले ते लिंबाजी मास्तरांना ठाऊक आहे आणि आमच्या घरी प्रभावतीला ठाऊक आहे. पहाटे साडेपाचला मी घराबाहेर पडायचो. आपल्या गावात चोपन्न वर्षांचा माणूस पळताना दिसला की लोकांच्या मनात दोनच शंका येतात: एक तर गाडी बंद पडली, नाहीतर कुणीतरी गेलं. पहिल्या आठवड्यात अकरा जणांनी मोटारसायकल थांबवली. “बसा काका, सोडतो.” नाही म्हटलं तर गाडी हळू करून माझ्या बरोबरीने चालवायचे. एका सद्गृहस्थाने चौकापर्यंत अशी सोबत केली आणि शेवटी आवाज खाली आणून विचारलं, “कोण वारलं?” मी दमलेला होतो, बोलता येईना, नुसता हात हलवला. त्यांनी तो अर्थ आपल्या परीने लावला. सकाळी आठ वाजता आमच्या दारात पाच माणसं टोप्या घालून उभी होती.

लिंबाजी मास्तर माझे गुरू. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण गुरू. ते मला भरतीच्या पोरांमागे सोडायचे. ती पोरं शेजारून जाताना “काका, गुड मॉर्निंग” म्हणायची आणि परत येतानाही म्हणायची. मी अजून जातच असायचो. प्रभावतीने महिनाभर काही म्हटलं नाही. मग एकदा ताटात वाढताना म्हणाली, “पळून वजन कमी होतं म्हणतात. मग पूर्वी तीन पोळ्या लागायच्या आणि आता सहा का लागतात, तेवढं तुमच्या मास्तरांना विचारा.”

पळण्यात आनंद असतो असं मोबाईलवर फार लोक सांगतात. मी तीन महिने शोधला, मला तो सापडला नाही. अंगठ्याचं नख काळं पडलं आणि गळालं. गुडघ्यातून आवाज येऊ लागला, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असा. मी चिडून उठायचो, चिडून पळायचो, चिडून परत यायचो. पण पळायचो. मास्तर रोज म्हणायचे, “साहेब, मधी थांबायचं न्हाई. हळू पळा, चाला, रांगा, पण थांबू नगा. न थांबता आलाव तर साडेतीन तासात आरामात बसताव.”

न थांबता! मास्तर, तुम्ही मला श्वास घ्यायला शिकवलंत, पाणी कधी प्यावं ते शिकवलंत. आपल्या तालुक्यात रस्त्याने जाणाऱ्या माणसाने सत्कारापासून कसं वाचावं, हे शिकवायचं तेवढं राहून गेलं.

आता मी हा कागद काढतो. घाबरू नका, हे छापील भाषण नाही. नियंत्रकाला सवय असते, गाडी कधी आली, कधी सुटली, उशीर का झाला, याची नोंद ठेवायची. रविवारी पळताना माझ्या खिशात कागद आणि पेन होतं. मी ही गाडीही तशीच चालवली. घामाने शाई पसरली आहे, पण वाचता येतं.

माळटाकळीहून सुटलो, सकाळी सहा. वेळेवर.

पहिला थांबा, फाट्यावरच्या गावात, मारुतीसमोर. आगमन सहा अठ्ठेचाळीस, प्रस्थान सहा चोपन्न. उशिराचे कारण: सत्कार. शाल, श्रीफळ. मी हात जोडून म्हणालो, मला वेळेत पोचायचंय. सरपंच म्हणाले, “मंग आमी कुठं अडवायलाव? दोन मिनटाचं काम हाय.” सहा मिनिटं लागली, कारण फोटो काढणाऱ्याच्या मोबाईलमध्ये जागा नव्हती, त्याने आधी जुने फोटो पुसले. नारळ कुठे ठेवावा कळेना. देवासमोर मिळालेला नारळ टाकता येत नाही. तो मी काखेत घेऊन पळालो. आपल्यापैकी कुणी नारळ काखेत घेऊन पळालं नसेल. पळू नका.

दुसरा थांबा, शाळेसमोर. सात चाळीस ते सात एकोणपन्नास. कारण: सत्कार. लेझीम होतं. चहाही होता आणि चहा घेतल्याशिवाय सोडत नव्हते. उकळता चहा. फुंकून फुंकून प्यायलो आणि समोर घड्याळाचा काटा फिरताना बघत राहिलो.

तिसरा थांबा, त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला, सात चोपन्न ते सात एकोणसाठ. कारण: सत्कार. मी म्हणालो, आत्ताच तर झाला! तर उत्तर आलं, “तो त्यांचा. त्यांचा घेता आन् आमचा घेत न्हाई, हे कसं?” त्यांच्याकडे दुसरी शाल, दुसरा नारळ. तेव्हा माझ्या दोन्ही काखा व्यापल्या गेल्या.

आणि चौथा थांबा. पालमच्या अलीकडे दोन किलोमीटर, शेठच्या कापसाच्या जिनिंगसमोर. मोठा मंडप, लाऊडस्पीकर, माझ्या फोटोचा दहा फुटी फलक. आगमन नऊ नऊ, प्रस्थान नऊ एकतीस. बावीस मिनिटं. कारण: सत्कार.

साडेनऊची वेळ होती. मी बसस्थानकात पोचलो नऊ एकोणपन्नासला. सारजाबाई स्थानकाच्या घड्याळाखाली नातीला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, “बसा साहेब, दमलाव.” रुख्मिणीने घड्याळाकडे पाहिलं. मग जमिनीकडे पाहिलं.

मंगळवारी मी शेठच्या दुकानी गेलो. ते म्हणाले, “साहेब, शब्द म्हंजे शब्द. मी साडेतीन तास म्हणलो होतो. आता सोयाबीन टाकायचंय गोदामात.” एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो आणि उठून आलो.

आणि त्यानंतर समितीने ठरवलं की पाठकांचा जाहीर सत्कार करायचा. सत्कारांमुळे उशीर झाला म्हणून सत्कार! परवा सकाळी माळटाकळीतून टोळ्यांचे ट्रक निघतात. एकतीस लेकरांची नावं अजून ना ट्रकमध्ये आहेत ना शाळेत. आणि इथे मागे टेबलावर चार शाली घडी घालून ठेवलेल्या मला दिसत आहेत.

टाळ्या वाजवू नका. थांबा. कृपा करून थांबा. काही जण शेठकडे बघत आहेत, तेही मला दिसतंय.

गेले सहा दिवस या गावात एकच बोललं जातंय. माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून लोक बोलतात, मला ऐकू येतं. शेठनेच मंडप टाकून अडवलं आणि शेठनेच नियम दाखवला. गोदाम द्यायचंच नव्हतं म्हणून हा डाव केला. मी ते सहा दिवस ऐकलं. कुणाला हो म्हणालो नाही आणि नाही म्हणालो नाही. कागद खिशात होता, कारण लिहिलेलं होतं. आजही घरून निघताना मी ठरवलं होतं की हा कागद वाचायचा, शेठला सगळ्यांसमोर खाली बघायला लावायचं आणि गोदामाची किल्ली घ्यायची. इथपर्यंत मी तसंच केलं. आपण टाळ्याही वाजवू लागलात.

पण मंडळी, चौथी नोंद खोटी आहे.

पहिल्या तीन थांब्यांची वीस मिनिटं खरी. ती धरूनही मी वेळेत होतो. शेठच्या मंडपात मला नऊ वाजून नऊ मिनिटांनी हार घातला, डोक्यावर फेटा ठेवला. आधीच बांधून ठेवलेला होता, वेळ जाऊ नये म्हणून. हे कुणाला सुचलं असेल? शेठनाच. दोन मिनिटांत सगळं उरकलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “पळा साहेब, पळा. भाषणं मागून होतील.” मास्तर मोटारसायकलवर शेजारीच होते. तेही म्हणाले, “चला, एक मिनिट राखून पोचताव.” मास्तर, म्हणाला होतात ना? मान हलवताय. म्हणाला होतात.

आणि तेवढ्यात लाऊडस्पीकरवरून आवाज आला, “आदरणीय मार्तंडराव पाठकसाहेब.”

एकोणतीस वर्षं त्या यंत्रावर मी बोललो आहे. परभणीची गाडी, गंगाखेडची गाडी, नांदेडची गाडी, हरवलेली मुलं, सापडलेल्या पिशव्या. दिवसातून साठ-सत्तर घोषणा. त्यात माझं नाव कधी आलं नाही, यायचं कारणच नव्हतं. मला वाटत होतं की मला त्याचं काही नाही. पण त्या सकाळी ते नाव ऐकलं आणि माझे पाय जे थांबले ते थांबलेच. सूत्रसंचालक म्हणाला, दोन शब्द बोला. शेठ म्हणाले, नको, जाऊ द्या त्यांना. मी माइक हातात घेतला.

वीस मिनिटं बोललो.

काय बोललो ते मंडपातल्यांना आठवत असेल. मी पहाटे कसा उठलो, माझं नख कसं गळालं, मी गोड कसं सोडलं, लोकांनी माझ्यासाठी कशा गाड्या थांबवल्या. लोक हसत होते, मी रंगत होतो. मास्तरांनी दोनदा हॉर्न वाजवला. मला ऐकू आला. मला वाटलं, अजून एक किस्सा सांगू. गेले सहा दिवस मी ते भाषण मनात पुन्हा पुन्हा ऐकतो आहे, आणि त्यात सारजाबाईंचं नाव कुठे येतं ते शोधतो आहे. एकदाही येत नाही. लेकरांचा उल्लेख नाही, एकदासुद्धा नाही. तिकडे रुख्मिणी घड्याळाखाली उभी होती आणि मी इकडे माझ्या नखाबद्दल बोलत होतो.

मग धापा टाकत स्थानकात पोचलो, आणि पाणी प्यायच्या आधी हा कागद काढून चौथ्या रकान्यात लिहिलं: सत्कार. माझ्याच हातचं आहे. एखाद्या चालकाने असं कारण लिहून दिलं असतं तर मी त्याला उभा केला असता.

शेठ, मंगळवारी तुम्ही माझ्याकडे का बघत राहिलात, ते मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही वाट बघत होतात. मी एक वाक्य बोललो असतो तर कदाचित तिथेच मिटलं असतं. मी उठून आलो. आणि सहा दिवस गाव तुम्हाला बोल लावत होतं, तुम्ही एवढंच म्हटलं असतं तरी पुरे होतं की अरे, पाठकच उभा राहून बोलत होता, मी काय करू? तुम्ही ते कुणालाही सांगितलं नाहीत. मी माझी लाज राखत बसलो आणि तुम्हीही माझीच लाज राखलीत. याचा मला जास्त राग येतो. कुणाचा, ते आता विचारू नका.

तर हे पेन. सर्वांसमोर ती नोंद खोडतो. थांबा, माइक जरा धरा. ...झालं. वाचून दाखवतो. चौथा थांबा. उशीर वीस मिनिटे. कारण: पाठक.

समितीच्या मंडळींना विनंती आहे की त्या शाली परत पिशवीत भरा. थंडी येते आहे, लेकरांना पांघरायला होतील. मला नको. रागाने म्हणत नाही, खरंच नको.

आता शेवटाकडे येतो, कारण सारजाबाईंना साडेपाचची गाडी आहे आणि ती मी सोडणारच आहे, वेळेवर. आपण सर्वजण इथे आलात, शांतपणे ऐकलंत, आपले आभार. ज्या गावांनी मला अडवलं त्यांचेही आभार, त्यांनी प्रेमानेच अडवलं. लिंबाजी मास्तरांचे आभार आणि त्यांच्या हॉर्नचेही. प्रभावतीचे आभार, ती पहिल्या रांगेत आहे आणि तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. घरी गेल्यावर माझं काय व्हायचं ते होईल.

भाषण संपवताना वक्ते माफी मागतात. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल तर, वगैरे. मी आजवर अशी शेकडो भाषणं ऐकली. माफी मागणाऱ्याला ती नको असते, म्हणून देणाराही ती देत नाही. दोघेही खाली बसतात. मला मात्र ती हवी आहे, शेठ. बोलण्यात झालेल्या चुका सोडून द्या, त्या राहू देत माझ्या अंगावर. वीस मिनिटांची तेवढी माफी द्या. तुमचा शब्द खोटा करा असं मी म्हणत नाही. शब्द तुम्ही लेकरांसाठी दिला होतात, पळण्यातली चूक माझी आहे, आणि ट्रकमध्ये बसायची वेळ त्यांच्यावर येते आहे.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर आपलं अध्यक्षीय भाषण आहे. ते लांबवू नका, ही माझी हात जोडून विनंती. सारजाबाई दारापर्यंत पोचल्या आहेत. गावात एकतीस लेकरांची घरं वाट बघताहेत आणि त्यांना तिथे जाऊन सांगायला फक्त एक शब्द हवा आहे. हो किंवा नाही. तो द्या, आणि त्यांना जाऊ द्या.

मी खाली बसतो.